दोन वाक्यांमधलं अंतर

दोन वाक्यं घेऊन बसू या. पहिलं: ‘या संगणकावर हे चित्र उघडलं होतं.’ दुसरं: ‘तिनं हे चित्र उघडलं.’ दोन्ही पुन्हा एकदा वाचा, घाई न करता.

पहिल्या वाक्याचा पुरावा डिस्कवर सापडतो. दुसऱ्याचा तिथं सापडत नाही. डिस्कवर बोट नसतं, डोळे नसतात, मनातला हेतू तर नसतोच. तरीही न्यायालयात पहिलं वाक्य शाबीत झालं की दुसरंही झाल्यासारखं वाटायला लागतं, आणि शिक्षा होते ती दुसऱ्या वाक्यासाठी. संगणकाशी संबंधित खटल्यांत तज्ज्ञ साक्षीदार उभा असतो तो या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत. आज आपण त्याच जागेत थोडा वेळ राहू. त्यासाठी वकील किंवा अभियंता असण्याची गरज नाही. खिशात एक फोन असला की हा विषय तुमचाही झाला.

आधी एका वर्गात जाऊ.

अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात नॉर्विच नावाचं शहर आहे. १९ ऑक्टोबर २००४ रोजी तिथल्या केली मिडल स्कूलमध्ये सातवीच्या वर्गावर एक बदली शिक्षिका आली. तिचं नाव मी लिहीत नाही. ते जगभरच्या वर्तमानपत्रांत पुरेसं छापून झालं आहे. बदली शिक्षकांना संगणकाचा स्वतःचा पासवर्ड नसे. म्हणून नेहमीच्या शिक्षकानं आपल्या नावानं संगणक सुरू करून दिला आणि तो बंद करू नका असं बजावलं. यंत्र विंडोज ९८ वर चालणारं, तेव्हाही जुनंच. शाळेच्या इंटरनेट फिल्टरचं नूतनीकरण झालेलं नव्हतं. ती प्रसाधनगृहातून परतली तेव्हा, तिच्या सांगण्याप्रमाणं, मुलं संगणकापाशी जमून केशरचनांची एक वेबसाइट बघत होती. थोड्या वेळानं पडद्यावर अश्लील जाहिरातींच्या खिडक्या उघडायला लागल्या. एक बंद केली की दुसरी.

ती खिडकी बंद करण्याची क्रिया मनातल्या मनात सावकाश करून बघा. हात माउसवर आहे. समोर बारा-तेरा वर्षांची मुलं आहेत, काही हसताहेत, काही माना उंचावून बघताहेत. कोपऱ्यातल्या फुलीवर तुम्ही क्लिक करता. त्या काळच्या अशा पानांत एक छोटी आज्ञा लिहिलेली असे: हे पान बंद होताना नवं पान उघड. म्हणजे बंद करण्याचा प्रत्येक प्रयत्न यंत्रात आणखी एका पानाची नोंद करत होता. डिस्कवर काय उमटलं? पानाचा पत्ता, वेळ, चित्रांच्या प्रती. आणि कोणी स्वतःच्या इच्छेनं तेच पान उघडलं असतं तर काय उमटलं असतं? पानाचा पत्ता, वेळ, चित्रांच्या प्रती.

इथं जरा जास्त वेळ थांबा. घाबरून पान बंद करणारी बाई आणि आवडीनं पान उघडणारी बाई, दोघींच्या मागं उरलेल्या या नोंदी सारख्याच दिसतात. फरक शोधायचा तर इतरत्र पाहावं लागतं. पत्ता हातानं टाइप केला होता का? विंडोज अशा पत्त्यांची वेगळी यादी ठेवतं. दोन पानांमध्ये किती सेकंद गेले? यंत्रात जाहिराती उघडणारा एखादा घुसखोर प्रोग्राम होता का, आणि असला तर तो केव्हा शिरला? हे प्रश्न विचारायला वेळ लागतो, चिकाटी लागते, आणि मुख्य म्हणजे उत्तर आधीच ठाऊक आहे असं वाटत असताना ते विचारावे लागतात.

खटल्यात सरकार पक्षातर्फे शहर पोलिसांतला एक डिटेक्टिव्ह साक्षीला उभा राहिला. त्यानं बाजारात मिळणारं एक सॉफ्टवेअर चालवून उघडलेल्या पानांची यादी काढली होती. ते सॉफ्टवेअर यादी देतं. पान बोटानं उघडलं की आपोआप, हे त्याला कळत नाही. घुसखोर प्रोग्राम आहे का याची तपासणी झालीच नव्हती. एका पानावरच्या लाल अक्षरांतल्या लिंककडं लक्ष वेधण्यात आलं: लाल, म्हणजे क्लिक केलेली. पुढं जाणकारांनी त्या पानाचा कोड वाचला तेव्हा दिसलं की तो लाल रंग पान तयार करणाऱ्यानंच कोडमध्ये लिहून ठेवला होता. कोणी हातही लावला नसता तरी ती अक्षरं लालच दिसली असती. बचाव पक्षाचाही तज्ज्ञ होता. पण त्याच्या साक्षीतल्या मजकुराची पूर्वकल्पना विरुद्ध बाजूला दिली नव्हती, म्हणून त्याला सगळं मांडू दिलं गेलं नाही. ५ जानेवारी २००७ रोजी ज्युरीनं तिला चार आरोपांखाली दोषी ठरवलं. या आरोपांची कमाल शिक्षा मिळून होत होती ४० वर्षं.

तो लाल रंग आणि ही ४० वर्षं शेजारी शेजारी ठेवून बघा.

ज्युरीत बसलेली माणसं दुष्ट नव्हती. मुलांनी ती चित्रं पाहिली हे खरंच होतं, आणि कुणाही आईबापाला ते ऐकून संताप येईल. झालेलं नुकसान खरं असलं की त्याला एक चेहरा हवासा वाटतो. वर्गात त्या वेळी मोठं माणूस एकच होतं. मला वाटतं, दोन वाक्यांमधलं अंतर सगळ्यांत जास्त याच वेळी मिटतं: पुरावा भक्कम असतो म्हणून नव्हे, तर मन आधीच पलीकडं पोहोचलेलं असतं म्हणून. अशा वेळी तज्ज्ञानं मध्ये उभं राहून शांतपणे सांगायचं असतं की इथपर्यंत मला माहीत आहे, इथून पुढं नाही. नॉर्विचच्या त्या साक्षीत हे घडलं नाही.

निकाल ऐकून संगणक सुरक्षेतल्या काही जाणकारांनी एकत्र येऊन त्या डिस्कच्या प्रतीचा विनामूल्य अभ्यास केला आणि अहवाल लिहिला. शिक्षा सुनावण्याची तारीख पुढं पुढं जात राहिली. राज्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेनंही डिस्क तपासली, आणि तिचे निष्कर्ष सरकारी साक्षीदाराच्या म्हणण्याशी जुळेनात. ६ जून २००७ रोजी न्यायाधीशांनी दोषसिद्धी रद्द करून खटला नव्यानं चालवण्याचा आदेश दिला. नवा खटला कधी उभा राहिला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये तिनं गैरवर्तनाचा एक किरकोळ आरोप मान्य केला, १०० डॉलर भरले आणि शिकवण्याचा परवाना सोडला. चार वर्षं त्यात गेली. शिक्षिका म्हणून जगण्याचा तिचा मार्ग बंद झाला तो कायमचा.

आता वर्गातून बाहेर येऊ आणि नुसत्या डिस्ककडं पाहू. समोर टेबलावर एक हार्ड डिस्क आहे असं समजा. वजन हाताला जाणवेल एवढं. बाहेरून काही कळत नाही.

फाइल ‘डिलीट’ होते म्हणजे काय होतं? सातबाऱ्यावरून नाव कमी झालं तरी जमीन जागच्या जागी असते. नवा मालक नांगर घालेपर्यंत जुन्या पिकाची धसकटंसुद्धा तशीच उभी असतात. हार्ड डिस्कवर तेच घडतं. ‘ही जागा मोकळी आहे’ एवढी नोंद बदलते, मजकूर तिथंच राहतो, दुसरा मजकूर त्यावर येईपर्यंत. म्हणून पुसलेलं परत मिळतं. नव्या प्रकारच्या डिस्कचं, म्हणजे एसएसडीचं, मात्र तसं नाही. मोकळी झालेली जागा ती आपणहून साफ करून ठेवते, मालकाला न विचारता. तेव्हा एसएसडीवर काही सापडलं नाही, एवढ्यावरून कोणी मुद्दाम पुरावा नष्ट केला असं म्हणता येत नाही. तसं सर्रास म्हटलं जातं, आणि ते ऐकलं की माझा जीव खालीवर होतो.

संगणक नुसता सुरू केला तरी शेकडो फाइलींच्या नोंदी बदलतात. म्हणून जप्त केलेली डिस्क थेट सुरू करत नाहीत. मध्ये राईट ब्लॉकर नावाचं उपकरण लावतात. ते डिस्क वाचू देतं, तिच्यावर लिहू देत नाही. मग डिस्कची बिट न् बिट नक्कल काढतात, तिला इमेज म्हणतात. मूळ आणि नक्कल, दोन्हींची हॅश व्हॅल्यू काढतात. एसएचए-२५६ पद्धतीनं काढली तर ती ६४ चिन्हांची एक ओळ असते. हजार पानांच्या मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ही ओळ ओळखू येणार नाही इतकी बदलते.

या ६४ चिन्हांवर क्षणभर मन ठेवा. दोन ओळी तंतोतंत जुळल्या. यातून काय कळलं? नक्कल मुळासारखीच आहे. हॅश काढल्यापासून आत काही बदललेलं नाही. एवढंच कळलं. मूळ डिस्कमधला मजकूर कोणी लिहिला, तो खरा की खोटा, हॅश काढण्याआधी त्यात कोणी काही घातलं का, याबद्दल ती ओळ एक अक्षर बोलत नाही. पण साक्षीदारानं ‘हॅश जुळते’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘पुरावा खरा आहे’ असं ऐकू येतं. बोललेलं आणि ऐकलेलं यांतला हा फरक ज्याच्या लक्षात आहे तो तज्ज्ञ तिथंच थांबून पुढचं वाक्य जोडतो. न्यायाधीशांनी विचारलं नसलं तरी जोडतो.

मग वेळ. फाइलवर वेळ कोण लिहितं? यंत्राचं घड्याळ. ते कोण लावतं? कधी माणूस, कधी नेटवर्क, कधी कोणीच नाही. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कुठल्या तरी जुन्या तारखेला जाऊन बसतं. विंडोजच्या एनटीएफएस या फाइली ठेवण्याच्या रचनेत वेळ १ जानेवारी १६०१ पासून मोजतात, सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतक्या बारकाईनं, आणि ती जागतिक प्रमाणवेळेत असते. पेन ड्राइव्हवर अजूनही भेटणाऱ्या फॅट रचनेत फाइलमधल्या शेवटच्या बदलाची वेळ स्थानिक घड्याळानुसार, दोन दोन सेकंदांच्या टप्प्यांनी लिहिली जाते. त्यामुळं भारतातल्या एकाच कृतीची वेळ एका नोंदीत रात्री ११ आणि दुसऱ्या नोंदीत पहाटे साडेचार दिसू शकते. दोन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर. अहवाल लिहिणाऱ्यानं कोणती प्रमाणवेळ धरली हे नमूद केलं नाही, तर पहाटे साडेचारला घरी झोपलेल्या माणसाला रात्री ११ चा हिशेब द्यावा लागेल.

वेळेच्याच प्रश्नावरून महाराष्ट्रातला एक वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि देशभरच्या डिजिटल पुराव्याचा कायदा त्यातून पक्का झाला. प्रकरण फौजदारी नव्हतं, निवडणुकीचं होतं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. प्रतिस्पर्धी कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर दाखल झाले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात कॅमेरा होता आणि त्याचं चित्रण होतं. पण तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणं त्या चित्रणासोबत लागणारं प्रमाणपत्र, वारंवार मागूनही, अधिकाऱ्यांकडून मिळालं नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं: मूळ उपकरणच न्यायालयात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे; मात्र ज्यानं ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं, त्याच्याकडून अशक्य गोष्टीची अपेक्षा कायदा करत नाही.

या निकालाचा दुसरा भाग मला फार मोलाचा वाटतो. कागद हवाच, हे म्हणणं सोपं. पण कागद ज्याच्या हातात आहे तो देत नसेल तर? पुरावा बहुतेक वेळा बलवानाकडं असतो: कंपनीच्या सर्व्हरवर, कार्यालयाच्या कॅमेऱ्यात, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत. ज्याला त्याची सगळ्यांत जास्त गरज असते त्याच्या हाती तो नसतो.

हे वाचून असं वाटू लागेल की डिजिटल पुरावा म्हणजे नुसती वाळू. तसं नाही. अंतर ओलांडता येतं, आणि ते कसं ओलांडावं याचंही एक उदाहरण घेऊ.

अमेरिकेतल्या विचिटा शहरात १९७४ पासून एक खुनी पोलिसांना आणि वर्तमानपत्रांना पत्रं पाठवत होता. तीस वर्षं तो सापडला नाही. फेब्रुवारी २००५ मध्ये त्यानं तिथल्या एका टीव्ही केंद्राकडं फ्लॉपी पाठवली. पोलिसांना तीत एक पुसलेली वर्ड फाइल मिळाली. त्या फाइलच्या अंतर्गत नोंदींत एका ल्यूथरन चर्चचं नाव होतं, आणि शेवटचा बदल करणाऱ्याचं नाव होतं ‘डेनिस’. चर्चच्या वेबसाइटवर समितीचा अध्यक्ष म्हणून डेनिस रेडर हे नाव काही मिनिटांत सापडलं. तीस वर्षांची वाट, आणि नाव समोर. आता त्या तपासी अंमलदारांच्या जागी स्वतःला ठेवा. पाय किती शिवशिवत असतील.

ते थांबले. ‘डेनिस’ हे त्या फाइलला माहीत असलेलं नाव होतं. चर्चच्या संगणकावर त्या नावानं दुसरं कोणीही बसू शकलं असतं. त्यांनी न्यायालयाची परवानगी घेऊन रेडरच्या मुलीच्या जुन्या वैद्यकीय तपासणीतला नमुना मिळवला आणि त्यातला डीएनए गुन्ह्याच्या जागी जपून ठेवलेल्या नमुन्याशी ताडून पाहिला. नातं जुळलं, तेव्हा २५ फेब्रुवारीला अटक झाली. पुढं त्यानं दहा खुनांची कबुली दिली. फ्लॉपीनं दिशा दाखवली, माणूस दाखवला तो रक्तामांसाच्या पुराव्यानं. दोन वाक्यांमधल्या जागेत तिसरी, स्वतंत्र गोष्ट आणून ठेवली गेली आणि मग ती जागा भरली.

उलट बाजूही आहे. सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेतल्या ह्यूस्टन बंदराची संगणक व्यवस्था हल्ल्यानं ठप्प झाली. माग इंग्लंडमधल्या एका तरुणाच्या संगणकापर्यंत आला. त्याचं म्हणणं, माझ्या संगणकात कोणीतरी ट्रोजन, म्हणजे लपून शिरणारा प्रोग्राम, घुसवला, त्यानं हल्ला केला आणि तो स्वतःला पुसून निघून गेला. सरकारी तज्ज्ञानं सांगितलं की ट्रोजनची कसलीही खूण नाही. ऑक्टोबर २००३ मध्ये लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टातल्या ज्युरीनं त्याला निर्दोष सोडलं. खूण नसणं हेच निर्दोषपणाचं कारण व्हावं, हे ऐकून त्या तज्ज्ञाला काय वाटलं असेल? अंतर जपायचं म्हटलं की हेही सोसावं लागतं. शंकेचा फायदा कधी कधी अपराध्यालाही मिळेल. ती किंमत मोजायला मी तयार आहे. तुम्ही आहात का, हे सवडीनं स्वतःला विचारून बघा.

आता एक आकडा: ८४.

२०११ मध्ये फ्लोरिडात एका आईवर आपल्या लहान मुलीच्या खुनाचा खटला चालला. घरच्या संगणकावरून क्लोरोफॉर्मची माहिती देणारं एक पान ८४ वेळा उघडलं गेलं, अशी साक्ष झाली. ८४ वेळा. हा आकडा मनात काय करतो ते पाहा. एकदा उघडलं असतं तर कुतूहल म्हणता आलं असतं. ८४ म्हटल्यावर एक बाई रात्र रात्र पडद्यासमोर बसलेली दिसायला लागते. ते चित्र आकड्यानं काढलं, आणि आकडा चुकीचा होता. ज्या सॉफ्टवेअरनं तो काढला होता ते तयार करणाऱ्यानंच साक्ष दिली होती. साक्षीनंतर त्यानं मूळ नोंदी पुन्हा तपासल्या आणि ते पान एकदाच उघडलं गेल्याचं त्याच्या लक्षात आलं. ८४ हा आकडा दुसऱ्याच एका वेबसाइटचा होता. त्यानं हे आपणहून सरकार पक्षाला कळवलं. ज्युरीनं त्या आईला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं.

या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वतःचं सॉफ्टवेअर, स्वतःची शपथेवरची साक्ष, सगळ्या देशाचं लक्ष लागलेला खटला, आणि तरी त्यानं परत जाऊन नोंदी उघडल्या. तज्ज्ञतेची ओळख पटवायला पदव्या आणि प्रमाणपत्रं दाखवली जातात. साक्ष देऊन झाल्यावर मूळ नोंदी पुन्हा उघडून बघणं हे मला त्या सगळ्याहून मोठं वाटतं.

जिथं कोणी परत जाऊन बघितलं नाही, तिथं काय झालं? इंग्लंडमध्ये १९८४ चा एक कायदा होता. त्याच्या कलम ६९ प्रमाणं संगणकातून निघालेला कागद पुराव्यात घ्यायचा तर संगणक नीट चालत होता हे आधी दाखवावं लागे. हे फार जाचक आहे असं म्हणून १९९९ मध्ये ते कलम काढलं गेलं. मग उरलं एक गृहीतक: उलट दाखवलं जात नाही तोवर यंत्र बरोबर आहे. त्याच सुमारास ब्रिटिश टपाल खात्यात होरायझन नावाची हिशेबाची संगणक प्रणाली आली. प्रणालीत दोष होते. तिनं दाखवलेली तूट खरी मानून १९९९ ते २०१५ या काळात चोरी आणि खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली ९०० हून अधिक पोस्ट चालकांना दोषी ठरवलं गेलं. त्यांतली अनेक कुटुंबं आपल्याकडून तिकडं गेलेली. एक भारतीय वंशाची बाई गरोदर असताना, मुलाच्या दहाव्या वाढदिवसाच्या दिवशी तुरुंगात गेली. तिच्या खटल्यात प्रणाली तयार करणाऱ्या कंपनीचा अभियंता तज्ज्ञ म्हणून उभा होता. जुलै २०१३ मध्ये टपाल खात्याच्याच सल्लागार वकिलानं लिहून दिलं की या अभियंत्यानं माहीत असलेले दोष न्यायालयाला सांगितले नाहीत. तरीही पहिल्या ३९ जणांची दोषसिद्धी अपील न्यायालयानं रद्द करायला २०२१ उजाडलं, आणि उरलेल्यांतल्या शेकडो जणांसाठी २०२४ मध्ये संसदेला कायदाच करावा लागला.

गरोदर बाई, मुलाचा वाढदिवस, आणि ‘यंत्र बरोबर आहे’ हे गृहीतक. यावर मी काही जोडत नाही. जितका वेळ लागेल तितका घ्या.

आता आपल्याकडं, आणि एका तज्ज्ञाच्या खुर्चीत.

१ जुलै २०२४ पासून आपल्याकडं भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणं डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. भाग अ पुरावा सादर करणाऱ्यानं भरायचा, भाग ब तज्ज्ञानं. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची आहे आणि ती कोणत्या पद्धतीनं काढली ते नोंदवायचं आहे: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा दुसरी मान्य पद्धत. एमडी-५ च्या बाबतीत दोन वेगळ्या मजकुरांची एकच हॅश निघू शकते हे २००४ मध्येच दाखवलं गेलं आहे, आणि एसएचए-१ च्या बाबतीत २०१७ मध्ये. एसएचए-२५६ शेजारीच छापलेली असताना इतर चौकटींवर खूण का करावी, हे मला समजत नाही.

आता तज्ज्ञाच्या खुर्चीत तुम्ही आहात असं समजा. तुमच्यासमोर लाखेच्या सीलातला मुद्देमाल आहे. त्यात एक मोबाईल. सोबत तपासी अंमलदाराचं पत्र. अशा पत्रात साधारण असा प्रश्न असतो: सदर मोबाईलमधून आरोपीने पीडितेस मेसेज पाठविले आहेत काय? मेसेज तुम्हाला सापडतात. घाणेरडे आहेत, वाचवत नाहीत. जिला ते आले तिचं वयही पत्रात लिहिलेलं आहे. तुम्हाला मुलगी असेल, बहीण असेल. हात लिहायला लागतो: होय, आरोपीने...

इथं थांबा. ‘आरोपीने’ हा शब्द प्रश्नात होता. तुमच्या उत्तरात तो कुठून आला? तुम्हाला दिसलं ते असं: या मोबाईलमधून, या खात्यावरून, या मोबाईलच्या घड्याळाप्रमाणं या वेळी, हे मेसेज गेले. फोन कोणाच्या हातात होता ते फोनमध्ये दिसलेलं नाही. कदाचित दुसऱ्या नोंदींत दिसेल: त्याच मिनिटाला बोटाच्या ठशानं फोन उघडला का, मोबाईल मनोऱ्यांच्या नोंदीत फोन कुठं होता, शेजारच्या सीसीटीव्हीत कोण चालत होतं. ते शोधायला सांगणं तुमच्या हातात आहे. शोधल्याशिवाय तो शब्द लिहिणं नाही.

आणि हे त्या मुलीच्या विरोधात नाही. उलटतपासणीत बचावाचा वकील नेमका त्याच शब्दावर येईल. ‘फोन आरोपीच्या हातात होता हे तुम्ही कशावरून म्हणता?’ उत्तर नसलं की तो शब्द पडेल, आणि पडताना शेजारची खरी वाक्यंही घेऊन पडेल. तिची बाजू जितकी खरी, तितकं तिच्यासाठी लिहिलेलं वाक्य मोजून मापून लिहायला हवं.

शेवटी तुमची माझी जागा. आपल्यातले फार थोडे लोक तज्ज्ञ म्हणून पिंजऱ्यात उभे राहतील, पण पंच म्हणून कोणालाही बोलावलं जाऊ शकतं. सरकारी नोकरीत असाल तर अधिकच. जप्तीच्या वेळी पंचनाम्यावर सही मागतील. सही करण्याआधी वाचा. संगणक चालू स्थितीत होता की बंद, हे लिहिलं आहे का? चालू असेल तर पडद्यावर काय होतं? यंत्राचं घड्याळ त्या क्षणी काय दाखवत होतं, आणि तुमच्या मनगटावरचं काय? फोन लगेच विमान मोडवर टाकला का? जागेवर नक्कल काढली असेल तर तिची हॅश पंचनाम्यात, तुमच्या सहीच्या वर, पूर्ण लिहिली आहे का? नसेल तर लिहायला सांगा. अंमलदार दमलेला असेल, रात्र झाली असेल, सगळ्यांना घरी जायचं असेल. तरी सांगा, आणि लिहून होईपर्यंत बसून राहा.